बोट लागली म्हणजे पोचलो नव्हे!

सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायची ही पहिलीच वेळ. ‘ताम्हिणी’तला ‘णी’ बाणाचा की नळाचा, हेसुद्धा रूममेटला विचारून लिहिलंय. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, पण लेख शेवटपर्यंत वाचा. कारण विषय हॉस्टेलवरच्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

झालं असं, की मध्यंतरी इंदूरहून मामाचा फोन आला. मामा-मामी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुंबई-गोवा-मुंबई अशा क्रूझवर जाणार होते. मामा म्हणाला, “तू इंजिनियर ना? मग सांग. आमचं जहाज सकाळी सात वाजता मुंबईला लागतंय. साडेदहाचं इंदूरचं विमान घेऊ का? संध्याकाळचं माणशी दोन हजारांनी महाग आहे.”

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “मामा, संध्याकाळचं घ्या.”

“अरे, मध्ये चांगले साडेतीन तास आहेत की! बॅलार्ड पिअरहून एअरपोर्ट असं कितीसं लांब?”

मी म्हटलं, “मामा, अंतराचा प्रश्नच नाहीये.” मामा हसला. त्याला वाटलं, पोरगं घाबरट निघालं. पण मी घाबरट जन्माला आलो नव्हतो, मला ताम्हिणीने घाबरट केलं. ती गोष्ट आधी सांगतो.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आम्ही सातजण शनिवार-रविवार हरिहरेश्वरला गेलो होतो. सातातला एक नागपूरचा. (हॉस्टेलच्या नियमानुसार त्याचं नाव ‘नागपूर’च.) त्याच्या बहिणीचा साखरपुडा सोमवारी सकाळी होता आणि रविवारी रात्री आठ दहाचं पुणे-नागपूर विमान त्याने बुक केलं होतं. रविवारी सकाळी कुणीतरी टूम काढली, की इथवर आलोच आहोत, तर बाणकोटची खाडी ओलांडून पलीकडचा किल्ला बघून येऊ. बागमांडल्याहून वेश्वीला जंगलजेटी जाते, गाडीसकट. मजा येते हो, खोटं कशाला बोलू!

आमचा प्लॅन कागदावर फर्स्टक्लास होता. साडेबाराच्या फेरीने परत यायचं, एक वाजता बागमांडल्याहून निघायचं. म्हसळा, माणगाव, निजामपूर, विळे, मग ताम्हिणी घाट, पौड आणि पुणे. मोबाइल सांगत होता पाच तास. म्हणजे सहाला लोहगाव. काउंटर सात दहाला बंद होणार, म्हणजे वर एक तासाचं मार्जिन. “एक तास! तोवर एअरपोर्टवर झोप काढेन,” असं नागपूर स्वतः म्हणाला होता.

वेश्वीला पोचलो तर गाड्यांची ही लांब रांग. रविवार दुपार, सगळे आमच्यासारखेच. चूक कुणाचीच नव्हती, बोटीवर मावतील तेवढ्याच गाड्या मावणार. आम्हाला तिसऱ्या फेरीत जागा मिळाली आणि बागमांडल्याहून निघायला सव्वादोन झाले. म्हणजे ते सुप्रसिद्ध मार्जिन खाडीतच बुडालं. पुढे माणगावला हायवेवर ट्रॅफिक. तिथे अर्धा तास. घाट चढायला लागलो तेव्हा पाच वाजून गेले होते, पाऊस लागला होता आणि धुकं इतकं, की पुढच्या गाडीचे दिवे आहेत की नाहीत तेच कळेना.

आणि आम्ही काय करत होतो? आम्ही सहाजण ड्रायव्हरकाकांच्या मानेवर बसलो होतो. “काका, जरा दाबा ना.” “काका, त्या टेम्पोला मारा ना ओव्हरटेक.” नागपूर बिचारा एकटाच गप्प होता. शेवटी काकांनी एका वळणाआधी टेम्पोला ओव्हरटेक मारला आणि समोर धुक्यातून एसटीचे दिवे एकदम अंगावर आले. काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. ब्रेक, हॉर्न, कुणाची तरी किंकाळी (माझी नव्हती, असं माझं म्हणणं आहे). उघडून बघतो तर एसटी निघून गेली होती आणि आम्ही रस्त्यावरच होतो.

काका काही बोलले नाहीत. घाट चढून ताम्हिणी गावात आल्यावर विंझाईच्या देवळाच्या अलीकडे एका टपरीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि चहा सांगितला. आम्ही घड्याळाकडे बघतोय, काका कपाकडे. मग म्हणाले, “पोरांनो, तुमच्या बोलण्यात आलो ही चूक माझी. पण तिकीट तुमी काढलं, टायम तुमी ठरवला. आता त्याचा हिशोब माझ्या ब्रेकवर कशापायी?”

कुणाकडेच उत्तर नव्हतं. आजही नाही.

विमान चुकलं. आठ पंचवीसला लोहगावला पोचलो. तेव्हा आम्ही मनातल्या मनात काकांच्या दहा मिनिटांच्या चहाला शिव्या दिल्या. पण रात्री हॉस्टेलवर हिशेब मांडला, तर चहा घेतला नसता आणि घाटात जीव धोक्यात घालून आणखी पंधरा मिनिटं वाचवली असती, तरी काउंटर बंद होऊन पन्नास मिनिटं उलटलेली असती! म्हणजे ज्या ओव्हरटेकमध्ये आम्ही सगळे जाणार होतो, त्याने मिळणार काय होतं? शून्य. नागपूर रात्री दहाच्या ट्रॅव्हल्सने निघाला. बहिणीच्या बोटात अंगठी घातली गेली तेव्हा तो बसमध्ये होता. तो सोहळा त्याने मोबाइलवर पाहिला, तोही मध्येमध्ये अडकत. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. पण बहिणीने त्याला एवढंच विचारलं, “किल्ला कसा होता रे?” हे त्याने आम्हाला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, की कुठे बाणकोटची जंगलजेटी आणि कुठे मामाची क्रूझ! पण गणित एकच आहे. दोन्हीकडे पाण्यावरून जमिनीवर यायचं आणि जमिनीवरून आकाशात जायचं. आणि दोन्हीकडे आपण मधल्या कड्या मोजतच नाही.

जहाज ‘सातला लागतं’ म्हणजे काय, हे मामाला मी फोनवर समजावून सांगितलं. मोठं जहाज बंदरात आणायला आधी बंदराचा पायलट चढावा लागतो. मग जहाज धक्क्याला येतं, दोरखंड बांधतात, शिडी लावतात, कागदपत्रं होतात. जहाज परदेशातून आलं असेल, तर इमिग्रेशन आणि कस्टम्स यांची भर. हे सगळं झाल्याशिवाय एकही प्रवासी खाली पाऊल ठेवू शकत नाही. त्यानंतरही हजार-दोन हजार माणसं एकदम उतरत नाहीत. आदल्या रात्रीच मोठ्या बॅगा रंगीत टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी एकेका रंगाला बोलावतात. तुमचा रंग शेवटचा असेल, तर बसा वाट बघत. खाली उतरलात की हॉलमध्ये शेकडो सारख्या काळ्या बॅगांतून आपली बॅग शोधा. मग टॅक्सीची रांग. मग सोमवार सकाळची मुंबई. आणि देशातल्या विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे साडेदहाचं विमान प्रत्यक्षात साडेनवाचंच. मामाचे साडेतीन तास अडीचवर आले, आणि तेसुद्धा शिडी लावल्यापासून नव्हे, दोरखंड बांधल्यापासून! पहाटे धुकं पडून जहाज बंदराबाहेर थांबलं, तर तेही गेले. म्हणूनच क्रूझवाले स्वतःच सहसा सांगतात, की उतरायच्या दिवशी दुपारच्या आधीचं विमान घेऊ नका. हातात मावेल एवढंच सामान असलं, तर ते स्वतः घेऊन आधी उतरायची सोय बऱ्याच जहाजांवर असते. पण मामीच्या तीन बॅगा होत्या, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

जहाज धक्क्याला लागूनही उतरता येत नाही, याचं टोकाचं उदाहरण आपण सगळ्यांनी शाळेत असताना टीव्हीवर पाहिलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज आलं. वर प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३,७११ माणसं. करोनामुळे कुणालाच नेहमीसारखं उतरू दिलं नाही. त्यात १३८ भारतीय होते आणि बहुतेक सगळे जहाजावर नोकरी करणारे. त्यांपैकी ११९ जणांना २७ फेब्रुवारीला खास विमानाने दिल्लीला आणलं. किनारा खिडकीतून दिसतोय आणि उतरता येत नाही, असे त्यांचे कितीतरी दिवस गेले. अर्थात असं रोज होत नाही. पण जहाजाचं धक्क्याला लागणं आणि माणसाचं उतरणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा साऱ्या जगाने पाहिलं.

आता थोडं आपल्या अभ्यासाचं. (स्टाफपैकी कुणी वाचत असेल तर बरं वाटेल!) प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये आपण ‘पर्ट’ शिकतो. आशावादी वेळ, अधिक सर्वाधिक शक्यतेची वेळ गुणिले चार, अधिक निराशावादी वेळ, भागिले सहा. ओरलला सगळे फाडफाड म्हणतात. पण ट्रिप ठरवताना आपण काय करतो? तिन्ही ठिकाणी आशावादीच वेळ टाकतो! बरं, पर्टचं उत्तर आलं तरी ती शेवटी सरासरी. आणि नुसत्या सरासरीच्या भरवशावर विमान पकडायला निघालात, तर ढोबळमानाने निम्म्या वेळा ते चुकणारच.

दुसरी गोष्ट मला त्या रांगेत उभं राहून कळली. नशिबाने मिळालेला वेळ पुढे जात नाही, पण झालेला उशीर मात्र व्याजासकट पुढे जातो. तुम्ही जेटीवर वीस मिनिटं लवकर पोचलात तर बोट काही लवकर सुटत नाही. पण पाच मिनिटं उशीर झाला आणि बोट सुटली, तर पाचाची चाळीस होतात. त्या चाळीस मिनिटांमुळे तुम्ही हायवेच्या गर्दीच्या वेळेत सापडता आणि गर्दीमुळे घाटात अंधार आणि धुकं. जितक्या कड्या जास्त, तितकं हे व्याज जास्त. जहाज, टॅक्सी, विमान अशा तीन कड्या तीन वेगळ्या तिकिटांवर असतील, तर कुणीच कुणाची जबाबदारी घेत नाही. जहाज उशिरा आलं म्हणून विमानवाला थांबणार नाही आणि विमान गेलं म्हणून जहाजवाला पैसे देणार नाही. मधली सगळी जोखीम तुमची.

तुमची? खरं तर तीही नाही. माझं म्हणणं आहे ते इथेच. वेळेचं मार्जिन आपण खातो आणि जोखीम सरकवतो ती स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या अंगावर. पैसे वाचवले मी, आणि घाटात गाडी दाबायची काकांनी. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. फार तर चार-पाच हजार जातात, घरच्यांची बोलणी बसतात. घाटात चुकलं तर काय मिळतं? २० डिसेंबर २०२४ ला याच ताम्हिणी घाटात लग्नाला निघालेली खासगी बस वळणावर उलटली आणि पाचजण गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याहून कोकणात निघालेल्या सहा तरुणांची गाडी याच घाटात दरीत कोसळली. आपल्याच वयाची मुलं. त्या अपघातांची कारणं घाई होती असं मी म्हणत नाही, मला तो अधिकार नाही. मी एवढंच म्हणतो, की या रस्त्यावर चुकीला माफी नाही. आणि पावसाचं म्हणाल, तर जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. असा घाट तुमच्या बोर्डिंग पासवरची वेळ वाचून वागेल का?

माझे आजोबा मूळचे वेंगुर्ल्याचे. ते सांगायचे, पूर्वी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटी जात. ‘बोट लागली’ याचे तेव्हा दोन अर्थ. एक, बोट बंदराला आली. दुसरा, पोटातलं बाहेर आलं! बोट थेट काठाला येत नसे, पडावात उतरून किनारा गाठायचा. पडाव कधी येईल, समुद्र कसा असेल, सगळंच राम भरोसे. मग ज्यांना आंबोली घाट चढून वर बेळगावकडे जायचं, ते काय करत? मुक्काम करत. कुणा ओळखीच्याकडे नाहीतर धर्मशाळेत एक रात्र. सकाळी उठून घाट. आजोबांना कुणी ‘बफर टाइम’ शिकवला नव्हता, पण ‘मुक्काम’ हा शब्द त्यांच्या हिशेबात होता. आपल्याकडे हायवे आले, ॲप आले, आणि पहिल्यांदा हिशेबातून काय उडालं असेल तर तो मुक्काम.

याला विरोधी मुद्दे आहेत, ते लपवत नाही. पहिला मुद्दा पैशांचा. जास्तीचा वेळ फुकट मिळत नाही. संध्याकाळचं विमान महाग, एक रात्र राहायचं तर लॉजचं भाडं. हॉस्टेलवाल्यांना तर मेसचं बिल भरताना घाम फुटतो. कबूल! पण वेळ विकतच घ्यायला हवा असं नाही, नुसता क्रम बदलला तरी पुष्कळ होतं. आम्ही बाणकोटचा किल्ला शनिवारी बघितला असता आणि रविवारी सकाळी नाश्ता करून थेट निघालो असतो, तर एक रुपयाही जास्त लागला नसता. ज्याचा भरवसा नाही ते आधी, ज्याचा भरवसा आहे ते शेवटी. बोट पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी नुसता रस्ता, आणि तोही उजेडी.

दुसरा मुद्दा: “आम्ही तर नेहमी पोचतो, आम्हाला कधी काही झालं नाही.” हे वाक्य प्रत्येक विंगमध्ये एकजण तरी म्हणतो. अरे, लिफ्टच्या दोराला दहाच्या आसपास फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतात. लिफ्ट रोज नीट चालते म्हणून तो काढून टाकू असं ओरलला म्हणून बघा, एक्स्टर्नल बाहेरच काढेल. लिफ्ट रोज नीट चालते ती त्या फॅक्टरमुळे. मग बीमला, नटबोल्टला, दोराला जो न्याय, तो आपल्या स्वतःला का नाही?

तिसरा मुद्दा जरा नाजूक. जास्त वेळ हाताशी ठेवणारा आपल्याकडे ‘काकू’ ठरतो. आई दोन तास आधी स्टेशनवर नेऊन बसवते म्हणून आपण सगळेच तिची चेष्टा करतो. मीही केलीय. पण आईने आजवर कुठल्याही रिक्षावाल्याला “जरा दाबा ना” म्हटलेलं मला आठवत नाही. तिला कधी गरजच पडली नाही!

तर मित्रांनो, पुढचा लाँग वीकएंड आला की नोटीस बोर्डवर ट्रिपच्या चिठ्ठ्या लागतील. कुणाचं विमान असेल, कुणाची रात्रीची गाडी, कुणाचं सोमवारी सबमिशन. माझी एकच विनंती आहे. उशीर घाटात भरून काढायचा नसतो, तो तिकीट काढतानाच धरून चालायचा असतो. आणि तरी उशीर झालाच, तर तो झाला असं मोठ्याने म्हणा, विमान सोडून द्या आणि ड्रायव्हरला चहा पाजा.

आता मामाचं काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्ही मला झोपू देणार नाही. मामाने नाइलाजाने संध्याकाळचं विमान घेतलं. आणि झालं काय? जहाज अगदी वेळेवर लागलं, मामा-मामींचा रंग सगळ्यात आधी पुकारला, बॅगा समोरच सापडल्या आणि टॅक्सीवालाही लगेच मिळाला! ते एअरपोर्टवर नऊच्या आत हजर. साडेदहाचं विमान सहज मिळालं असतं. मामाचा फोन आला, “काय इंजिनियर साहेब! तुमच्या कृपेने दिवसभर इथे बसायचंय. चहा दोनशे रुपयांना आहे.”

मी म्हटलं, “मामा, सॉरी. पण टॅक्सीवाल्याला घाई केलीत का?”

मामा म्हणाला, “नाही रे, कशाला करू? वेळच वेळ होता. उलट मरीन ड्राइव्हवर थांबवून मामीला नारळपाणी पाजलं.”

मला माझे चार हजार वसूल झाल्यासारखं वाटलं. (पैसे मामाचे होते, ही गोष्ट वेगळी.)